पनवेलची एक फेरी, मसुरीएवढी पेस्ट

फजरची नमाज आटोपून आम्ही मायलेकी घराबाहेर पडलो तेव्हा अष्टमीत अजून अंधार होता. रिक्षा रोहा स्टेशनकडे निघाली. मुलीने लॅपटॉपची बॅग मांडीवर अशी धरली होती, जणू आत तान्हे मूल आहे आणि त्याला ताप चढलाय. एका अर्थाने ते खरेच होते. लॅपटॉपला ताप चढत होता.

पदवी झाल्यापासून ती घरी बसून पुण्याच्या एका कार्यालयाचे हिशेबाचे काम करते. पगार फार मोठा नाही, पण घरचा किराणा आणि धाकट्याची फी त्यातून निघते. लॅपटॉप पाच वर्षांपूर्वीचा, तिच्या अब्बांनी कुवेतहून येताना आणलेला. मे महिना लागला आणि त्याचे रडगाणे सुरू झाले. आधी पंखा घरघरू लागला, मग काम करताना तो अडखळू लागला, आणि शेवटी ऐन कामात आपोआप बंद पडू लागला. दोन आठवड्यांत तीनदा. तिसऱ्या वेळी साहेबांचा निरोप आला, ‘सोमवारपर्यंत सोय करा, नाहीतर काम दुसऱ्या कुणाला द्यावे लागेल.’

एका दुकानात दाखवला. तिथल्या माणसाने तो उघडलाही नाही. हाताने चाचपून म्हणाला, “मदरबोर्ड गेला. नवाच घ्या.”

नवा म्हणजे पंचेचाळीस हजार. तेवढे पैसे घरात होते, पण ते छपरासाठी ठेवलेले. गेल्या पावसाळ्यात माजघरात चार बादल्या आणि दोन पातेली मांडून आम्ही रात्री काढल्या होत्या. वासे कुजलेत. मिरगाच्या आत छप्पर झाले नाही तर पुन्हा तीच गत. फोनवर हे म्हणाले, “नवा घेऊन टाका. छपराचे पुढच्या वर्षी पाहू.” परदेशात बसून छपराचे पुढच्या वर्षी पाहता येते, छपराखाली झोपणाऱ्याला येत नाही. पनवेलला माझी मामेबहीण असते. ती म्हणाली, “घेण्याआधी इथे एकदा दाखवून तर बघ.” म्हणून शनिवारी पहाटेची ही फेरी.

रोह्याहून दिव्याला जाणारी गाडी नागोठणे, पेण करत निवांत जाते. आपट्यापर्यंत उजाडले होते. तिथून पुढे कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो, वर केलेल्या अंगठ्यासारखा. त्याच्या पायथ्याच्या जंगलात १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे. लहानपणी अब्बांबरोबर आम्ही एसटीने पनवेलला यायचो, तेव्हा हा अंगठा दिसला की समजायचे, आता पनवेल आले.

पनवेलला उतरलो तर सकाळचे जेमतेम साडेसात झालेले. दुकान साडेदहाला उघडणार. स्टेशनच्या पूर्वेला सिडकोचे नवीन पनवेल, पश्चिमेला महामार्ग ओलांडला की जुने शहर. आम्ही जुन्या पनवेलात मोहल्ल्यात मामेबहिणीकडे गेलो. तिने चहा, तांदळाच्या भाकऱ्या आणि रात्रीचे कालवण पुढे ठेवले. तिचे सासरे ऐंशीच्या घरातले. लॅपटॉपची बॅग पाहून त्यांनी विचारले, “काय बिघडलंय?”

मुलगी म्हणाली, “दादा, तापतो आणि बंद पडतो.”

ते हसले. “मग बरोबर गावात आलीस. तापलेली चाकं सुधारायलाच लोक पनवेलला यायचे.”

मला आधी वाटले, वय झालेय, काहीतरी बोलतात. पण ते खरेच सांगत होते. रेल्वे येण्याआधी पुण्याहून मुंबईला जायचे तर बोरघाट उतरून पनवेल गाठायचे आणि इथल्या बंदरातून होडीने मुंबई. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि बैलगाड्यांची रीघ लागली. माल खाडीत उतरायचा, होड्या भरायच्या. घाट उतरून आलेल्या आणि परत घाट चढणाऱ्या गाड्यांना चाके लागायची. पनवेलची चाके इतकी नावाजलेली होती की १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने इथला मोठा धंदा म्हणून चाकांचाच उल्लेख केला. पनवेल त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. १८६३ मध्ये रेल्वे कर्जतमार्गे बोरघाट चढली, बंदराचे दिवस फिरले, पण देशावरच्या रस्त्यांवर पनवेलची चाके फिरत राहिली.

“माझ्या लहानपणी प्रत्येक गाडीखाली वंगणाचा नळा लोंबकळत असायचा,” सासरे सांगू लागले. “बांबूचा. त्यात तेलाचं वंगण. आस कोरडा पडला की चाक आधी करकरतं, मग तापतं, मग लाकूड जळतं. शहाणा गाडीवान करकर ऐकली की थांबायचा. येडा म्हणायचा, बैलच आळशी झालाय, आणि चाबूक ओढायचा.”

मुलगी माझ्याकडे पाहून हसली. गेले पंधरा दिवस आम्हीही बैलालाच दोष देत होतो.

उन्ह चढायच्या आत गावात एक फेरी मारू म्हणून बाहेर पडलो. पनवेल हे तळ्यांचे गाव. वडाळे तळे, कृष्णाळे तळे, इस्राईल तळे. इस्राईल तळ्याचे नाव इथल्या बेने इस्राईल म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी लोकांवरून पडले. त्यांचे १८४९ मधले प्रार्थनामंदिर आजही गावात आहे. कोकणात हे लोक तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. तेलही इथले, चाकही इथले. नगरपालिका १८५२ सालची, राज्यातल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महानगरपालिका झाली.

आणि धूळ? ती तर सगळीकडे. एका बाजूला कळंबोलीचा लोखंड बाजार आणि त्याचे ट्रक, दुसऱ्या बाजूला रस्ते, पूल, इमारती. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली. मामेबहीण म्हणते, “सकाळी ओटा पुसावा, तर दुपारी त्यावर बोटाने नाव लिहिता येतं.” त्या वेळी मी नुसती हसले. त्या वाक्याचा आमच्या लॅपटॉपशी काय संबंध आहे, ते दोन तासांनी कळले.

दुकान बाजारातल्या एका जुन्या इमारतीत, जिन्याखाली. दोन माणसे बसतील एवढी जागा, काचेचे कपाट, एक टेबल, त्यावर प्रखर दिवा. चालवणारा मुलगा असेल अठ्ठावीस-तीसचा. “या खाला, बसा,” म्हणाला. सगळे ऐकून घेतले. मग लॅपटॉप सुरू केला आणि मुलीला म्हणाला, “पासवर्ड तुम्हीच टाका. मला सांगू नका.”

मला ते बोलणे फार बरे वाटले. लॅपटॉपमध्ये घरातले फोटो, बँकेचे कागद, कार्यालयाचे हिशेब सगळे असते. तो दुरुस्तीला देताना आम्हा बायकांच्या मनात पहिली धास्ती तीच असते. तो म्हणाला, “तापण्याच्या दुरुस्तीला आतलं काहीच बघावं लागत नाही. जो पासवर्ड मागेल त्याला आधी कशाला म्हणून विचारा.” अमानत हा शब्द त्याने उच्चारला नाही, पण त्याच्या वागण्यात तोच होता.

त्याने तापमान दाखवणारा छोटा प्रोग्राम चालवला. नुसते दोन-चार पाने उघडताच आकडा ९७ अंशांवर गेला. “हे बघा. बहुतेक प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपासची उष्णता हीच मर्यादा मानतात. तिथे पोहोचायला लागला की तो स्वतःच वेग कमी करतो. म्हणून काम अडखळतं. तरी उष्णता हटली नाही, तर जळून जाण्यापेक्षा बंद पडतो. तो बिघडला नाही खाला, तो स्वतःला वाचवतोय.”

“मग मदरबोर्ड?”

“उघडल्याशिवाय कसं सांगू?”

आधी लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला. उलटा करून खालचे स्क्रू काढले आणि कागदावर ज्या जागी होते त्याच जागी मांडून ठेवले. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर आतल्या पट्टीला भोक पडते, हे कारण. झाकण उघडल्यावर सगळ्यांत आधी बॅटरीची जोडणी सोडवली. नंतर पंख्याकडे बोट दाखवले. पंखा आणि त्यापुढच्या बारीक तांब्याच्या पापुद्र्यांमध्ये धुळीचा एक थर बसला होता, गादीतल्या कापसासारखा दाट. चिमट्याने ओढला तर अखंड पट्टी निघाली. पाच वर्षांची धूळ. आमच्या अष्टमीची, आणि मुलगी पलंगावर बसून काम करते म्हणून गोधडीची लव.

“हवा आत यायला खालून जागा असते,” तो म्हणाला. “गादीवर ठेवला की तोंडावर उशी दाबल्यासारखं होतं.” ब्रश फिरवताना त्याने पंख्याचे पाते बोटाने अडवून धरले होते. जोराच्या हवेने पंखा मोकाट फिरला तर तो बिघडू शकतो.

“आता खरा आजार,” म्हणत त्याने तांब्याच्या नळीचा सांगाडा काढला. त्यावरच्या स्क्रूंना कंपनीनेच एक, दोन, तीन, चार असे आकडे दिलेले होते. त्याने चारपासून उलटे सुरू करत सगळे थोडेथोडे सैल केले. सांगाडा उचलला आणि खाली प्रोसेसर दिसला, नखाएवढा, आरशासारखा चकचकीत असायला हवा असा. पण त्यावर राखाडी रंगाचा पापुद्रा होता, उन्हाळ्यात तळ्याच्या तळाला चिखल सुकून भेगाळतो तसा.

“ही थर्मल पेस्ट. वाळून गेली.”

मी विचारले, “एवढ्याशा वाळक्या लेपाने एवढा मोठा लॅपटॉप बंद पडतो?”

त्याने समजावले ते असे. प्रोसेसरची उष्णता वरच्या तांब्यात जायला हवी, तांब्यातून पंख्याकडे आणि तिथून बाहेर. प्रोसेसर आणि तांबे दोन्ही डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण सूक्ष्म पाहिले तर दोघांवर खाचखळगे असतात. नुसते एकमेकांवर ठेवले तर मोजक्या ठिकाणीच टेकतात, मधल्या खळग्यांत हवा राहते. हवा उष्णता फार सावकाश पुढे नेते. तांबे तिच्यापेक्षा सुमारे पंधरा हजार पट चांगले. पेस्टचे काम एवढेच, त्या खळग्यांतली हवा हाकलून तिथे स्वतः बसायचे. रोज तापून-थंड होऊन काही वर्षांत पेस्ट वाळते, कडेला सरकते, भेगा पडतात आणि हवा परत येते.

मला एकदम घरची बिर्याणी आठवली. दम देताना आपण पातेल्याखाली तवा ठेवतो. का? आच थेट लागू नये म्हणून. तवा आणि पातेले यांच्यामध्ये हवा राहते, उष्णता हळूहळू चढते आणि खालचा भात करपत नाही. मी म्हटले, “म्हणजे याच्या प्रोसेसरखाली कुणीतरी दमाचा तवा ठेवलाय.”

तो खो खो हसला. “खाला, हे मी आता गिऱ्हाइकांना सांगणार. फक्त इथे आच आतून आहे. बाहेर जाऊ दिली नाही, तर भात आतच करपतो.”

जुना लेप त्याने प्लास्टिकच्या पट्टीने हलक्या हाताने खरवडला. लोखंडी काही लावले नाही. उरलेला डाग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसला, दोन्ही बाजूंनी, चकाकी येईपर्यंत. हे पुसण्याचे रसायन, चटकन उडून जाते आणि मागे ओल ठेवत नाही, म्हणून वापरतात. शेजारच्या छोट्या चिपांवर निळसर मऊ चकत्या होत्या; त्या त्याने तशाच ठेवल्या. त्यांची जाडी मापाची असते, त्यांच्या जागी पेस्ट भरून चालत नाही.

मग सिरिंजसारख्या नळीतून प्रोसेसरवर पेस्टचा ठिपका ठेवला. एवढासा, मसुरीच्या दाण्याएवढा. मुलगी म्हणाली, “अजून थोडी घाला ना, म्हणजे जास्त दिवस टिकेल.”

“इथेच सगळे चुकतात. पेस्ट हवेपेक्षा कितीतरी बरी, पण तांब्यापेक्षा कितीतरी कमी. जाड थर दिला की तीच भिंत होते. खड्डे भरायचे, रस्त्यावर ढिगारा करायचा नाही.”

सांगाडा परत ठेवून स्क्रू एक, दोन, तीन, चार याच क्रमाने, आळीपाळीने, थोडेथोडे आवळले. एकाच बाजूचा पूर्ण आवळला तर सांगाडा कलतो, पेस्ट एका बाजूला पळते आणि प्रोसेसरचा कोपराही टवकू शकतो. बॅटरी जोडली, झाकण बसवले. मुलीने पासवर्ड टाकला.

आता खरी परीक्षा. त्याने मुद्दाम जड काम लावले आणि दुकानाची काच ओढत म्हणाला, “वीस मिनिटं चालू दे. मी जोहर पढून येतो. तुम्ही इथेच बसा, आकड्यावर लक्ष ठेवा.” आम्ही दोघी त्या जिन्याखाली आकड्यावर डोळे लावून बसलो. ६८. ७३. ७७. मुलीच्या बोटांत तिची ओढणी घट्ट गुंडाळलेली होती. ७९ वर गेला आणि मी मनात दुआ केली. मग ७८, पुन्हा ७९, ७८. तिथेच थांबला. पंख्याची घरघर उरली नव्हती. नुसता हलका श्वास.

तो परतला, आकडा पाहिला आणि म्हणाला, “झालं.”

“किती द्यायचे?”

“आठशे.”

मुलगी त्याच्याकडे बघतच राहिली. पंचेचाळीस हजारांची तयारी करून आलेल्या माणसाला आठशे हा आकडा चटकन कानात शिरत नाही. मी पैसे देताना विचारले, “तू नवा घ्या म्हणाला असतास, तरी आम्हाला काय कळणार होतं?”

तो म्हणाला, “मलाच कळलं असतं की.”

निघताना त्याने आणखी काही गोष्टी बजावल्या. त्या वाचकांनाही उपयोगी पडतील. लॅपटॉप कायम लाकडी पाटावर किंवा टेबलावर ठेवावा. मागच्या जाळीतून येणारी हवा वर्षभरात कमी झाली की धूळ काढून घ्यावी. पेस्ट मात्र दरवर्षी बदलायची गरज नसते, तापमान चढू लागले की बदलावी. हमीची मुदत चालू असेल तर घरी उघडू नये, कंपनीच्या केंद्रातच न्यावा. पेस्टऐवजी टूथपेस्ट लावायचे खूळ कुणी सांगेल. दोन दिवस बरे वाटते, मग वाळते आणि जास्त तापते. पातळ धातूची पेस्टही मिळते, पण ती वीजवाहक असते आणि ॲल्युमिनियम खाते. तिच्या नादाला नवख्याने लागू नये. आणि लॅपटॉपचे बूड फुगलेले दिसले, टेबलावर डुगडुगू लागले, तर तो पेस्टचा आजार नव्हे, बॅटरी फुगली आहे. तसा लॅपटॉप चार्जिंगला लावायचा नाही, दाबायचा नाही, लगेच जाणकाराकडे न्यायचा.

संध्याकाळच्या गाडीला गर्दी होती. रसायनीपर्यंत उभ्यानेच आलो, मग एका बाईने सरकून जागा दिली. मुलीने यांना कुवेतला फोन लावला. “अब्बा, आठशे रुपयांत झालं.” पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाले, “मग वासेवाल्याला सोमवारीच बोलवा.” त्या थांबण्यात कितीतरी होते. आठ महिने तिथल्या उन्हात राबून पाठवलेले पैसे होते ते.

खिडकीतून कर्नाळ्याचा अंगठा काळोखात विरत चालला होता. मला त्या वंगणाच्या नळ्याची आठवण येत होती. वंगण चाकाचे घर्षण कमी करते, पेस्ट उष्णतेला वाट देते. दोन्हींचे काम वेगळे. पण दोन्ही ठिकाणी बिघाड असतो तो दोन धडधाकट गोष्टींच्या मधल्या बारीक फटीत, आणि आपण मात्र बैल विकायला किंवा चाक फेकायला निघतो. घरातसुद्धा असेच होते. माणसे धडधाकट असतात, मधली ओल वाळलेली असते. करकर ऐकू येते तेव्हाच थांबून बघितले, तर मसुरीएवढ्या गोष्टीत भागते.

सोमवारी सकाळी नऊला मुलगी माजघरात पाटावर लॅपटॉप ठेवून कामाला बसली. दुपारपर्यंत तो एकदाही बंद पडला नाही, अल्हमदुलिल्लाह. तिच्या डोक्यावर वासेवाला कौले उतरवत होता आणि धूळ खाली पडत होती. तिने उठून लॅपटॉप उचलला, ओढणीने पुसला आणि पडवीत जाऊन बसली.